नाईलचा गाळ आणि तुकुमाचे तलाव

(पोंभुर्णा परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

प्राचीन संस्कृतींचा धडा शिकविताना शाळेत इजिप्त देशाची ओळख ठरलेल्या शब्दांत करून दिली जाते. वाळवंटातून एक मोठी नदी वाहते, तिला दरवर्षी पूर येतो, पुराबरोबर सुपीक गाळ येतो, त्या गाळावर पीक उभे राहते आणि त्या पिकावर राजे, मंदिरे व पिरॅमिडे उभी राहतात. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने तर हा देशच नदीची देणगी ठरविला. धडा येथे संपतो आणि परीक्षेत त्यावर एक प्रश्न येतो. परंतु पोंभुर्ण्याच्या शाळेतील एखाद्या चौकस मुलाने हात वर करून विचारले, "गुरुजी, आपल्याकडेही वैनगंगा आहे, तिलाही दरवर्षी पूर येतो, मग आपल्या पुराने आपले धान का वाहून जाते?" तर त्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही. ते उत्तर तालुक्याच्या शिवारातच शोधावे लागते, आणि ते शोधताना इजिप्तचा शेतकरी व वैनगंगेकाठचा शेतकरी यांच्यातील साम्य व फरक हे दोन्ही ध्यानी येतात.

प्रथम नाईलविषयी. ही नदी सुमारे ६,६५० किलोमीटर लांबीची, जगातील अतिदीर्घ नद्यांपैकी एक. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. तेथे येणारे पुराचे पाणी हजारो किलोमीटर दूरच्या इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशात उन्हाळी मोसमी पाऊस पडतो त्याचे असे. निळी नाईल आणि अतबरा या उपनद्या ते पाणी व डोंगरउतारावरची माती घेऊन खाली येत. जून-जुलैमध्ये आस्वानजवळ पाणी चढू लागे, ऑगस्टअखेर व सप्टेंबरात ते पूर्ण भरास येई आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओसरून जाई. ज्या महिन्यांत विदर्भात मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस होतो, जवळजवळ त्याच महिन्यांत हे घडे. दोन्ही प्रदेशांचे पाणी उन्हाळी मोसमी पावसाचेच. मात्र एकाच्या डोक्यावर ते प्रत्यक्ष पडते, तर दुसऱ्याच्या दारी नदी ते आणून पोचवीत असे.

या वेळापत्रकावर इजिप्तच्या लोकांनी आपले वर्ष बसविले होते. वर्षाचे ३६५ दिवस आणि त्यात चार-चार महिन्यांचे तीन ऋतू : पुराचा, जमीन पाण्यातून वर येऊन पीक वाढण्याचा आणि कापणीचा. हिवाळा, उन्हाळा हे शब्द त्यांच्या पंचांगात मुख्य नव्हते. पाणी आले, पाणी गेले, पीक आले, एवढेच त्यांना मोजावयाचे होते. पूर जवळ आल्याची खूण म्हणजे व्याधाचा तारा. काही आठवडे सूर्यतेजात लोपलेला हा तारा पहाटेच्या पूर्व क्षितिजावर पुन्हा दिसला की नदी चढणार, हे पुजारी जाणून असत. येथे मराठी शेतकऱ्याला मौज वाटावी अशी गोष्ट आहे. आकाशात व्याध आणि मृग हे शेजारी आहेत. जून महिन्याच्या सात-आठ तारखेला सूर्य मृगात गेला की येथील माणूस पावसाकडे डोळे लावतो. तिकडचा माणूस त्याच बाजूच्या ताऱ्याकडे पाहून नदीकडे डोळे लावीत असे.

आता नदीला पूर आला म्हणजे शेती आपोआप पिकली, असा जो समज धड्यावरून होतो, तो बरोबर नाही. पुराचे पाणी वाऱ्यावर सोडले असते तर ते आले तसे समुद्रास मिळाले असते. नदीच्या दोन्ही अंगांच्या सपाट जमिनीवर मातीचे लांब बांध घालून तिचे मोठमोठे खण पाडलेले असत. काही खण शेकडो, तर काही हजारो एकरांचे. पूर चढला की कालव्याचे तोंड फोडून पाणी एका खणात घ्यावयाचे, तेथून पुढच्या खणात सोडावयाचे. तेथे ते दीडदोन महिने उभे राही. तेवढ्या काळात त्यातील गाळ तळाशी बसे, जमीन खोलवर भिजे, आणि मातीतील क्षार धुऊन निघत. मग नदी उतरली की खणातील पाणी पुन्हा नदीत काढून द्यावयाचे व ओल्या चिखलात गहू, जव, जवस यांचे बी फेकावयाचे. जनावरांचा कळप त्यावरून फिरविला की बी दबले. त्यानंतर बहुधा पुन्हा पाणी द्यावे लागत नसे. इजिप्तच्या एकीकरणाच्या काळातील, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका दगडी गदाशीर्षावर राजा हातात कुदळ घेऊन कालव्यावर उभा असलेला कोरलेला आहे. राजाचे चित्र कोरावयाचे तर युद्धात कोरावे, सिंहासनावर कोरावे. परंतु तेथे त्याला कुदळ देण्यात आली, यावरून राज्य कशावर चालले होते ते कळते.

या गाळाने भरलेल्या पट्ट्याला ते लोक 'केमेत' म्हणजे काळी म्हणत आणि पलीकडच्या वाळवंटाला लाल भूमी म्हणत. देशाचे नावच काळी. महाराष्ट्रातील गावगाड्यात शेतजमिनीला काळी व वस्तीच्या जागेला पांढरी म्हणण्याची रीत आहे, ती जाणणाऱ्यास हे नाव परके वाटणार नाही. गाळाचा थर मात्र वाटतो तेवढा जाड नसे. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे शंभर वर्षांत सुमारे दहा सेंटिमीटर. तो दरवर्षी न चुकता पडला, हे त्याचे मोल.

आता आपल्या नदीकडे वळावयाचे. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावणारी वैनगंगा बालाघाट, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतून येऊन चंद्रपूर व गडचिरोली यांच्यामधून वाहते. पुढे वर्धा नदीस मिळून ती प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीस मिळते. पोंभुर्णा तालुक्याच्या पूर्वेस हीच नदी, पलीकडे चामोर्शी. ताडोब्याच्या जंगलातून येणारी अंधारी नदीही याच बाजूस तिला मिळते. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगा क्षणभर उत्तरेकडे वळते आणि त्या उत्तरवाहिनी वळणामुळे ते स्थान पवित्र मानले गेले. नाईल तर सबंध देशातून उत्तरेकडेच वाहते. परंतु ते असो.

महत्त्वाचा फरक वेळेचा आहे. नाईलला पूर येई तेव्हा इजिप्तच्या शेतात पीक नसे. कापणी होऊन गेलेली, जमीन उन्हाने भेगाळलेली, शेतकरी मोकळा. पाणी रिकाम्या शेतात शिरे आणि पेरणीपूर्वी निघून जाई. वैनगंगेला पूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा बांध्यांमध्ये रोवणी नुकतीच झालेली असते किंवा धान फुटव्यावर असते. तेच पाणी, तोच गाळ, जवळजवळ तेच महिने. पण तेथे ते अन्न होते आणि येथे आपत्ती होते. २०२० च्या ऑगस्टअखेर या गोष्टीचा कटू अनुभव वैनगंगेच्या काठाने घेतला. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवरातून पाणी सोडण्यात आले, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठची गावे वेढली गेली. उभे धान पाण्याखाली राहून कुजले. घाटकुळ, जुनगाव यांसारख्या काठावरच्या गावांतील माणसाला पूर म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. नाईलच्या शेतकऱ्याने ज्या पाण्याची वाट पाहिली असती, ते पाणी पाहून येथील शेतकरी गुरे सोडतो व घरातील धान्य उंचावर हलवितो.

दुसरा फरक पिकाचा. गहू व जव यांना पेरणीपूर्वी एकदा जमीन पुरती भिजली की पुष्कळसे भागते. धानाचे तसे नाही. त्याला तीन-साडेतीन महिने पायाशी पाणी लागते, आणि सर्वांत निकड असते ती अखेरीस. या भागात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो खरा, पण त्यातील बहुतेक सप्टेंबरच्या आत पडून जातो. धान निसवते व लोंबीत दाणा भरतो तो काळ हस्त-चित्रा नक्षत्रांचा. हत्तीचा पाऊस आला तर ठीक. न आला तर हिरवीगार दिसणारी बांधी पंधरा दिवसांत पोचट लोंब्यांची होते. मध्यम व भारी जातींचे धान लावणाऱ्यास हे अधिकच जाणवते. त्या वेळी नदीचे पाणी खोल पात्रात उतरलेले असते. यंत्राशिवाय ते उंच काठ चढून शिवारात येणे शक्य नव्हते. म्हणजे जेव्हा नदी शेतात येते तेव्हा ती नको असते, आणि जेव्हा ती हवी असते तेव्हा ती हाती लागत नाही.

या पेचातून वैनगंगेच्या खोऱ्यातील पूर्वजांनी जो मार्ग काढला तो मोठा शहाणपणाचा होता. त्यांनी नदीची वाट पाहिली नाही. पाणी नदीला मिळण्याच्या आधीच, जंगलाच्या उतारावरून ओढ्यानाल्यांतून खाली येत असतानाच त्यांनी ते अडविले. गाव तेथे तलाव आणि शेत तेथे बोडी, अशी रचना उभी राहिली. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पाच जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव म्हणून नोंदलेले जलाशय साडेसहा हजारांहून अधिक आहेत. महाराष्ट्राच्या अन्य कोणत्याही भागात जुन्या तलावांची अशी दाटी नाही. नवेगाव बांधसारखे विस्तीर्ण तलाव प्रसिद्धीस आले. लहान तलावांची नावे त्यांच्या गावाबाहेर कोणास ठाऊक नाहीत, पण धान पिकविले ते मुख्यतः त्यांनीच.

हे तलाव बांधले कोणी? भंडारा, ब्रह्मपुरी, नागभीड या बाजूस कोहळी समाजाचे नाव तलावबांधणीशी कायमचे जोडले गेले आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना बरोबर आणले, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा ऐतिहासिक भाग किती, हे तज्ज्ञांनी ठरवावे. परंतु गोंड राजांच्या एका धोरणाचा पुरावा मात्र कागदापेक्षाही पक्का आहे, कारण तो गावांच्या नावांत उरला आहे. जो कोणी जंगल तोडून तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली जेवढी जमीन भिजेल तेवढी सनद म्हणून द्यावयाची, अशी रीत चांद्याच्या राज्यात होती, आणि अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. इंग्रजी अमदानीतील जमाबंदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी या रीतीची नोंद केली आहे. पोंभुर्णा तालुक्यात जामतुकूम आहे, सातारा तुकूम आहे; चंद्रपूर शहरात तर तुकूम नावाची वस्तीच आहे. गावाचे नाव रोज घेणाऱ्यांपैकी कितीजणांना ते पाण्याच्या मोबदल्याचे नाव आहे हे माहीत असेल, याची शंकाच आहे. शिक्षकांनी भूगोलाचा धडा येथून सुरू केला तर तो मुलांना अधिक जवळचा वाटेल.

या सनदेतील मर्म असे की राजाने जमीन मोजली ती काठीने नव्हे, पाण्याने मोजली. तलाव मोठा आणि पक्का बांधला तर जमीन अधिक. पाळ फुटली तर जमीन कोरडी आणि सनद निरुपयोगी. बांधणाऱ्याचे हित तलावाच्या आरोग्यात गुंतले. इजिप्तमध्येही कर ठरे तो पुराच्या उंचीवरून. नदीकाठी पायऱ्या व खुणा असलेली मापनस्थाने होती. आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावरील असे स्थान आजही पाहावयास मिळते. पाणी किती हात चढले यावरून त्या वर्षीचे पीक व सारा यांचा अंदाज बांधला जाई. रोमन लेखक प्लिनी याने नोंदविले आहे की बारा हात पाणी म्हणजे दुष्काळ, तेरा हातांवरही उपासमार, आणि सोळा हात चढले की आबादीआबाद. फार चढले तर बांध फुटत आणि गावे वाहून जात. नाईलचीही कृपा मर्यादेतच होती; अपुऱ्या पुराच्या ओळीने आलेल्या वर्षांनी तेथे भीषण दुष्काळ पडल्याचे दाखले आहेत.

तलावाची रचना ठाऊक नसलेला माणूस या सभेत विरळा. तथापि नव्या पिढीसाठी ती थोडक्यात सांगितली पाहिजे. उताराच्या खालच्या अंगास मातीची पाळ. पाळीच्या पोटात पाणी सोडण्यासाठी वेगवेगळ्या उंचीवर भोके असलेले तुडूम. वरचे भोक आधी उघडावयाचे, पाणी उतरेल तसे खालचे. जादा पाणी जाण्यासाठी एका टोकास सांडवा. सांडव्याचे पाणी वाया जात नाही. ते खालच्या तलावात वा बोडीत जाते, तेथून त्याच्याही खालच्या. पाळीखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या बांध्या. वरच्या बांधीतील पाणी धुऱ्यातील तोंडाने खालच्या बांधीत. इजिप्तच्या खणांची साखळी आणि येथील बांध्यांची साखळी यांत कल्पनेचे साम्य स्पष्ट आहे. पाणी अडवा, उभे ठेवा, पुढच्यास द्या. दोन समाजांनी एकमेकांस न पाहता, न ऐकता ही युक्ती शोधली.

साम्य येथेच थांबत नाही. धानाची कापणी होण्यापूर्वी, बांधीतील ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी व जवस फेकण्याची रीत या भागात आहे. नांगर नाही, वेगळे पाणी नाही. धान निघेपर्यंत खाली दुसरे पीक हिरवे झालेले असते. ओसरत्या पाण्यामागे चिखलात बी टाकणाऱ्या इजिप्तच्या शेतकऱ्याचेच हे काम आहे. त्यातही जवस हे तर दोन्हीकडचे एकच पीक. तेथे त्याच्या देठातील धाग्याचे तागासारखे वस्त्र विणले जाई आणि त्यातच राजांची प्रेते गुंडाळली जात. येथे त्याच्या बियांचे तेल गाळले जाते. हिवाळ्यानंतर वैनगंगेच्या कोरड्या वाळवंटात टरबूज-डांगराच्या वाड्या लागतात, तीही नदी ओसरल्यावरची शेतीच. नदीने मोसमात जे नाकारले त्यातले थोडे ती उन्हाळ्यात अशा रीतीने परत देते.

गाळाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडील स्थिती उलट आहे. नाईल आपला गाळ स्वतः शेतात नेऊन टाकीत असे. येथील तलाव आपला गाळ आपल्याच पोटात साठवितो. जो गाळ शेतात पडला तर खत, तोच तलावात राहिला तर तलावाचे मरण. म्हणून पूर्वी उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातील काळी माती बैलगाड्यांनी बांध्यांत व बरड जमिनीवर नेऊन टाकीत. नदीने जे काम फुकट केले, ते येथे माणसाने व बैलाने करावयाचे होते. जोपर्यंत ते होत होते तोपर्यंत तलाव खोल राहिला आणि जमीन जिवंत राहिली.

आणि हे काम कोणी करावयाचे, हाच सर्व कथेतील अवघड भाग आहे. इजिप्तमध्ये बांध घालणे व कालव्यातील गाळ काढणे हे शेतकऱ्यांकडून सक्तीने करवून घेत. त्या सक्तीची धास्ती इतकी की श्रीमंत लोक आपल्या थडग्यात मातीच्या लहान बाहुल्या ठेवीत. परलोकात बांध-कालव्याच्या कामाचे बोलावणे आले तर आपल्याऐवजी या बाहुल्यांनी जावे, ही त्यामागील श्रद्धा. काहींच्या थडग्यांत अशा शेकडो बाहुल्या सापडल्या आहेत. मृताच्या देवांपुढील निवेदनात वाहते पाणी आपण अडविले नाही, याही निर्वाळ्याचा समावेश असे. पाण्यावरची भांडणे तेव्हाही होती, हे उघडच आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यात ते काम मालगुजाराच्या देखरेखीखाली होई. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, पुढे इंग्रज आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील जमाबंदीने मालगुजारास गावाचा मालक ठरविले. तलाव त्याच्या मालकीचा झाला, पण गावकऱ्यांचे पाण्यावरचे, मासळीवरचे व गुरांच्या पाणवठ्याचे हक्क वाजिब-उल-अर्ज व निस्तारपत्रकांत लिहिले गेले. पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती घालणे, तुडूम पाहणे, सांडवा मोकळा करणे, ही कामे गावाने मिळून केली. ती सारी खुशीने झाली असे समजण्याचे कारण नाही. बेगार होती, मालगुजाराच्या शेताला आधी पाणी होते, आणि जुन्या काळाचे गोडवे गाताना हे विसरणे अन्यायाचे होईल. तथापि पाळीला भोक पडले तर कोणाच्या दारात जावयाचे, हे गावातील प्रत्येकास माहीत होते.

मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून गावांबरोबर तलावही शासनाच्या मालकीचे झाले. हा निर्णय न्याय्य होता आणि कूळ म्हणून राबणाऱ्या हजारो कुटुंबांना त्याने माणूसपण दिले. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या व लहान तलाव त्यांच्या देखभालीखाली गेले. मोठे पाटबंधारे विभागाकडे राहिले. मात्र या बदलात एक गोष्ट निसटली. मालक बदलला, पण उन्हाळ्यात गाडी जुंपून गाळ काढणारे हात कोणाचे, ते कोणत्याही कागदावर स्पष्टपणे उतरले नाही. निस्तारातील पाणी फुकट की पट्टी भरून, यावर वाद झाले. ज्याचे पाणी त्याची जबाबदारी, हे सूत्र तुटले. तलाव उथळ झाले, पाळींवर झाडे वाढून मुळांनी पाळी पोखरल्या, पाण्यात बेशरम माजली, आणि तलाव आटला की त्याच्या पोटात नांगर चालू लागला. ज्या जमिनीला तलावाच्या नावाने सनद मिळाली होती, तेथे तलावच शेतीखाली जाऊ लागला. याहून मोठी विसंगती ती कोणती?

याच काळात मोठ्या धरणांचे युग आले, दोन्ही नद्यांवर. नाईलवर आस्वान येथे १९०२ मध्ये पहिले धरण झाले आणि १९६० ते १९७० या काळात उच्च धरण उभारण्यात आले. १९६४ नंतर इजिप्तच्या शेतात नाईलचा पूर आला नाही. पाच हजार वर्षांचा ऋतू संपला. त्याचे लाभ मोठे आहेत : बारमाही पाणी, वीज, वर्षाला दोन-तीन पिके, पुरापासून व अवर्षणापासून संरक्षण. पण गाळ आता नासर सरोवराच्या तळाशी बसतो. शेतकऱ्यास रासायनिक खत विकत घ्यावे लागते, आणि समुद्राकडील त्रिभुज प्रदेशाचा किनारा, ज्याला नवी माती मिळत नाही, तो झिजत आहे. वैनगंगेवर गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले व २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट असलेल्या या प्रकल्पाचा उजवा कालवा सावली तालुक्यातील आसोलामेंढा या इंग्रजी काळातील तलावाशी जोडण्यात आला आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळल्यानंतर जी सिंचनकामे हाती घेतली गेली, त्याच परंपरेतील हा तलाव. खाली चामोर्शीच्या बाजूस चिचडोह येथे बॅरेज झाले आहे. मोठे धरण आपल्या ठिकाणी योग्यच. परंतु कालव्याच्या वरच्या अंगास जी गावे राहतात, जंगलाच्या कुशीतील ज्या बांध्यांपर्यंत कोणताही कालवा चढू शकत नाही, त्यांचा आधार हत्तीच्या पावसानंतर गावचा तलाव हाच आहे. आणि धरणाचे दरवाजे उघडल्यावर नदीकाठी जे होते त्यावर तलावाचाही थोडा उपाय आहे. डोंगरउतारावर अडलेले पाणी निदान त्या दिवशी नदीत भर घालीत नाही.

शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. पूर्वजांची बैलगाडी येथे यंत्राच्या व ट्रॅक्टरच्या रूपाने परत आली आहे. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना सिंचनाच्या व्यवस्थापनाचा अधिकारही दिला आहे. तेव्हा साधन नाही किंवा कायदा नाही, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही. ग्रामपंचायतीने प्रथम एवढेच करावे. उन्हाळ्यात तलाव आटेल तेव्हा पाळीखालच्या सर्व शेतकऱ्यांसह तलावाची फेरी करावी : पाळ कोठे खचली, तुडुमाची किती भोके चालू आहेत, सांडव्यावर कोणी माती टाकून पाणी वाढविण्याचा उद्योग तर केलेला नाही ना, पोटात किती नांगरट झाली. गाळ काढावयाचा असेल तर तो कोणाच्या शेतात जाणार, हे आधी ठरवावे. नाहीतर तो पाळीशेजारीच ढीग होऊन पहिल्या पावसात परत तलावात येतो. मासळीचा ठेका असलेल्या ढिवर बांधवांना या फेरीत आवर्जून बोलवावे. पाणी किती खोल राहिले पाहिजे हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही, आणि शेवटचे पाणी धानाला द्यावयाचे की मासळीस ठेवावयाचे, हा वाद उन्हाळ्यात बसून मिटतो, ऑक्टोबरात मिटत नाही.

दुसरे काम शाळेचे. कैरोजवळच्या रोडा बेटावरील नाईलमापक इसवी सन ८६१ मध्ये बांधला गेला, पण त्या ठिकाणच्या पाण्याच्या उंचीच्या नोंदी इसवी सन ६२२ पासूनच्या उपलब्ध आहेत. हजार वर्षांहून अधिक काळ कोणीतरी दरवर्षी पाणी पाहिले आणि लिहून ठेवले. आज जगभरचे हवामानशास्त्रज्ञ जुन्या पर्जन्यमानाचा अंदाज बांधताना त्या नोंदींचा आधार घेतात. गावच्या तलावाच्या तुडुमाशेजारी एक खांब रोवून त्यावर हात व वीत यांच्या, किंवा मीटर-सेंटिमीटरच्या, खुणा करता येतील. वरच्या वर्गातील दोन मुलांनी मृगापासून स्वातीपर्यंत दर सोमवारी ती खूण वाचावी आणि तारीख, पाण्याची उंची, त्या आठवड्यातील पाऊस, तुडुमाचे कोणते भोक उघडे आहे, एवढे चार रकाने भरावेत. अशी वही शाळेत राहिली तर तीन-चार वर्षांत कोणत्याही सरपंचास जुलैअखेरच्या खुणेवरून सांगता येईल की यंदा हस्तात किती एकरांना शेवटचे पाणी पुरेल, आणि भारी धान कोणी लावावे, कोणी लावू नये. वहीला खर्च नाही. खांब मात्र तलाव कोरडा असतानाच रोवला पाहिजे, म्हणजे मे महिन्यात.